बार्शिमने माघार घेतली नव्हती

टोकियो ऑलिम्पिकमधल्या उंच उडीची एक गोष्ट व्हॉट्सअॅपवर सारखी फिरत असते. इटलीच्या ताम्बेरीचा पाय ऐन वेळी दुखावतो. कतारच्या बार्शिमला आयतं सुवर्ण मिळणार असतं, पण तो पंचांना विचारतो, "मीही माघार घेतली तर?" आणि पदक वाटून घेतो. खाली तात्पर्य: मुलांना जिंकायला नको, वाटून घ्यायला शिकवा. मी शाळेत उंच उडी शिकवतो. पालक ही गोष्ट मला मोठ्या मायेने सांगतात, म्हणून हे लिहितोय.

पहिलं म्हणजे दुखापत. ती त्या दिवशीची नव्हतीच. ताम्बेरीच्या घोट्याचा अस्थिबंध २०१६ मध्ये, रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर फाटला होता. त्या वेळचं प्लास्टर तो टोकियोच्या मैदानावर घेऊन आला होता. त्यावर 'रोड टू टोकियो २०२०' लिहिलेलं, आणि २०२० वर काट मारून २०२१ केलेलं.

आता ती 'माघार'. १ ऑगस्ट २०२१ ला दोघांची २.३७ मीटरपर्यंत एकही उडी फसली नाही. मग २.३९ वर दोघांचेही तिन्ही प्रयत्न फसले. म्हणजे गुणपत्रिका तंतोतंत सारखी. पंचांनी निर्णायक उड्यांचं विचारलं, तेव्हा बार्शिम म्हणाला, "दोन सुवर्णं मिळू शकतात का?" पहिल्या जागेसाठी बरोबरी झाली आणि खेळाडूंना पुढे उड्या मारायच्या नसतील, तर बरोबरी कायम राहते, असा नियमच आहे. कोणी कोणावर उपकार केले नाहीत. जे वाटून घेतलं ते दोघांनी आधी पुरतं कमावलं होतं.

फॉरवर्डमध्ये तिसरा माणूस तर कधीच नसतो. बेलारूसच्या नेदासेकाउनेही २.३७ पार केली होती. आधीच्या चुकलेल्या प्रयत्नांमुळे त्याला कांस्य मिळालं. त्याच्याशी कोणी काही वाटून घेतलं नाही, आणि त्यात अन्यायही नव्हता.

राहिलं तात्पर्य. २०२४ ला पॅरिसमध्ये पुन्हा तसंच झालं. न्यूझीलंडचा केर आणि अमेरिकेचा मॅकइवेन दोघे २.३६ पार करून बरोबरीत अडकले. वाटून घेणं त्यांच्याही हातात होतं. ते उड्या मारत राहिले, दांडी खाली आणली गेली, शेवटी २.३४ वर केर जिंकला. त्यांची माणुसकी कमी पडली असं म्हणायची माझी तरी तयारी नाही.

बार्शिम-ताम्बेरीची मैत्री खरीच आहे, पण ती स्पर्धा सोडून झालेली नाही. २०१७ मध्ये, दुखापतीनंतर परतलेला ताम्बेरी पॅरिसच्या स्पर्धेत फार वाईट खेळला आणि हॉटेलच्या खोलीत दार लावून बसला. ते दार ठोठावत राहिला तो बार्शिम, त्याचा सगळ्यात तगडा प्रतिस्पर्धी.

माझ्याकडच्या दोन मुली एकमेकींना हरवायला टपलेल्या असतात. परवा पावसाच्या भुरभुरीत एकीची धाव सुरू करायची खडूची खूण पुसली गेली. दुसरीने पावलं मोजून ती पुन्हा काढून दिली, मग आपल्या खुणेवर जाऊन उभी राहिली.