जवसाच्या तेलानं माती मऊ राहत नाही

पोळा जवळ आला की गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: 'वावरातल्या काळ्या मातीत जवसाचं तेल कालवा, माती वर्षभर मऊ राहते, लेकरांना बैल करायला कामी येते.' यातलं अर्धंच खरं.

पाण्यात भिजवलेली माती पाणी उडालं की वाळते. तेल तसं उडत नाही, म्हणून तेलातली माती मऊ राहते. इथवर ठीक. पण जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन धरून घट्ट होतं. म्हणूनच ते रंगात वापरतात. घरच्या बाटलीच्या बुचाभोवती जमलेली पिवळी, चिवट कड पाहा, नखानंही निघत नाही. मागच्या साली मीच हा उद्योग केला. गोळ्यावर चामड्यासारखी साय धरली.

काळी मातीही नको. उन्हाळ्यात भेगाळलेलं वावर ज्यानं पाहिलं, त्याला कारण काय सांगायचं? पाण्यात मळलेल्या मातीत ग्लिसरीन घातलं तरी ते वाळणं लांबवतं, थांबवत नाही.

जमतं ते असं: शाडू कडक वाळवून, कुटून वस्त्रगाळ करा. मेणाचं भांडं उकळत्या पाण्यात ठेवून मेण वितळवा, थेट जाळावर नाही. त्यात व्हॅसलीन घाला, मग मावेल तेवढी पूड मळा. हाताला चिकटली तर पूड, भुगा झाला तर व्हॅसलीन. इंग्लंडच्या विल्यम हार्बट यांनी १८९७ मध्ये काढलेल्या 'प्लॅस्टिसिन' या न वाळणाऱ्या खेळाच्या मातीची जात हीच.

भट्टीत मात्र घालू नका, मेण वितळून बैल खाली बसतो. आणि पूजेचा बैल साध्या मातीचाच करा. हा मेणाचा बैल नदीत विरघळत नाही.