बारोलोच्या पेल्यात दगड नसतो

वाइनप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरत असतो: इटलीच्या बारोलो या लाल वाइनचं सगळं श्रेय मातीचं. जुन्या समुद्रतळातली खनिजं मुळं शोषतात, तीच चव पेल्यात उतरते. म्हणून तिथे शतकानुशतकं काही बदललेलं नाही.

पहिली गोष्ट, समुद्रतळ खरा. आल्बाजवळच्या लांगे टेकड्या कधीकाळी पाण्याखाली होत्या. पण वेल दगडाची चव उचलून घडात भरत नाही. माती ठरवते ती ओल आणि निचरा. ला मोरा गावाकडची चुनखडीयुक्त चिकणमाती वेगळी, सेर्रालुंगा गावाची त्याहून जुनी जमीन वेगळी. द्राक्ष दोन्हीकडे नेब्बियोलोच, तरी ला मोराची वाइन लवकर मऊ होते आणि सेर्रालुंगाची कित्येक वर्षं जीभ आवळून धरते. म्हणजे माती महत्त्वाची आहेच, पण सगळं तिच्या नावावर खपवू नका.

कारण टेकडीची दुसरी बाजू बघा. माती बरीचशी तीच, पण उत्तर उतारावर हेझलनटची झाडं! (आल्बाच्या फेरेरोचं चॉकलेट आठवा.) नेब्बियोलोला पालवी फुटते लवकर, पण ती पिकते सगळ्यात शेवटी; तिला ऊन लागतं. जुने शेतकरी जिथे बर्फ आधी वितळतो तो उतार तिच्यासाठी राखत. तोडणी पूर्वी ऑक्टोबरअखेरीपर्यंत लांबायची, आता बरीच अलीकडे सरकली आहे. हे हवामानाचं काम.

राहिलं ‘काही बदललेलं नाही’. इथे तर हसूच येतं. 1787 मध्ये थॉमस जेफरसन यांनी तूरिनमध्ये नेब्बियोलोची वाइन चाखली, ती गोडसर आणि फसफसणारी होती! आजची कोरडी बारोलो एकोणिसाव्या शतकातली. तिचं श्रेय फ्रेंच व्यापारी लुई उदार यांचं की जनरल स्ताल्येनो यांचं, यावर अजून वाद आहे. पुढे मुळं खाणाऱ्या फिलॉक्सेरा किडीमुळे वेली अमेरिकन खुंटांवर चढल्या. आपल्याकडे नाशिक-सांगलीला डॉगरिज खुंटावर कलम करतात तसंच, फक्त कारण वेगळं. आज वाइन किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडात.

आणि लाकूड कोणतं? त्यावरून तर घरं फुटली. ला मोराचे वाइन बनवणारे एलियो आल्तारे यांनी 1983 मध्ये वडिलांची जुनी मोठी पिंपं चेनसॉने कापली आणि छोटी फ्रेंच पिंपं आणली. वडिलांनी त्यांना वारशातून वगळलं.