जानेवारीतल्या पागोळ्या

गळक्या घराचं मला कौतुक नाही. चिपळूणजवळच्या कौलारू घरात वाढलोय. मिरगाआधी बाबा कौलं परतून घ्यायचे, तरी आषाढात माजघरात एक पातेलं, एक बादली आणि देवापाशी एक तांब्या मांडलेला असायचाच. पण बाहेर उणे २५ सेल्सिअस, अमेरिकेतलं सगळं मिनिआपोलिस दगडासारखं गोठलेलं, आणि आपलं छत गळतंय, हा प्रकार मात्र मला नवा होता.

त्याआधीचे तीन दिवस मी त्याच छताचे फोटो काढत होतो. वळचणीला हातभर लांबीचे बर्फाचे सुळे लटकले होते. घर बोहल्यावर चढल्यासारखं, मुंडावळ्या बांधून उभं. फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. मावशीने लिहिलं, "अगंबाई, काचेचं तोरण!" चौथ्या दिवशी रात्री जेवताना आमटीच्या वाटीत टप्पकन थेंब पडला. आमटी पातळ झाली हा आरोप त्या रात्री प्रथमच बायकोवर आला नाही.

बाबांना फोन केला.

"बर्फात पाऊस कसा पडला रे?"

"पाऊस नाही बाबा. छतावरचा बर्फ वितळतोय."

"एवढ्या थंडीत?"

या प्रश्नापाशीच थांबून विचार केला असता तर माझे पुष्कळ पैसे वाचले असते. मी काय केलं? बर्फ अडलाय ना, मग घर आणखी तापवू, लवकर सुटेल, म्हणून थर्मोस्टॅट ६८ वरून ७४ फॅरनहाइटवर नेला. गळती दुप्पट झाली.

मग कुणीतरी सुचवलं, स्टॉकिंगमध्ये कॅल्शियम क्लोराइड भरून वळचणीवर साचलेल्या बर्फाच्या बांधावर आडवं ठेव, पाण्याला वाट होते. साधं मीठ चालत नाही. एवढ्या थंडीत ते हात टेकतं, शिवाय छपराचं आणि खालच्या झाडांचं वाटोळं करतं. घरात स्टॉकिंग नव्हतं. बायकोची जुनी राणी रंगाची लेगिंग होती. ती भरून शिडीवरून वर सारली. दुसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा दार ठोठावत आले. त्यांना वाटलं, छतावर कुणीतरी पालथं पडलंय. पाय दिसतायत, माणूस दिसत नाही!

अखेर घराची उष्णता तपासणारा माणूस बोलावला. त्याने पुढच्या दारात कापडी चौकट ताणून एक भला मोठा पंखा बसवला आणि घरातली हवा बाहेर ओढायला सुरुवात केली. त्याबरोबर जिथे जिथे भोक होतं तिथून गार झुळूक आत यायला लागली. छतात खोचलेल्या दिव्यांभोवतून, पोटमाळ्याच्या झाकणाच्या फटीतून, विजेच्या तारा वर गेल्या होत्या तिथून. मग तो माळ्यावर चढला आणि मलाही वर बोलावलं. न्हाणीघराच्या पंख्याचा पाइप छपराबाहेर न जाता माळ्यावरच तोंड वासून पडला होता. आमच्या अंघोळीची वाफ तिथे साठून छपरातून आत आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर दहिवर धरलं होतं.

तो म्हणाला ते थोडक्यात असं. सुळे नुसत्या थंडीने येत नाहीत, आपल्या उबेने येतात. घरातली गरम हवा माळ्यावर जाते, छप्पर आतून तापतं, बर्फाचा खालचा थर वितळतो. ते पाणी उतारावरून वळचणीपर्यंत येतं. तिथे खाली घर नाही, ऊब नाही, त्यामुळे ते गोठतं. रोज थोडं थोडं करत बांध बनतो आणि त्याच्या मागे तळं साचतं. छपरावरच्या एकावर एक चढवलेल्या पट्ट्या बनवल्यात त्या वरून खाली जाणाऱ्या पाण्यासाठी. तुंबलेलं पाणी त्यांच्या खाली शिरतं आणि थेट आमटीत येतं.

म्हणजे तीन दिवस मी ग्रुपवर माझ्या गॅसच्या बिलाचे फोटो टाकत होतो.

उपाय त्याने क्रमाने सांगितले आणि क्रम मोडू नका असं दोनदा बजावलं. आधी फटी बुजवायच्या, मग वर ऊब धरणारा थर वाढवायचा. वळचणीपासून आढ्यापर्यंत गार हवा खेळती ठेवायची; थर ओतताना तिची वाट बुजवायची नाही. आमच्या माळ्यावर जेमतेम सहा इंच थर होता, तो दीड फुटापर्यंत नेला. तो कशाचा, ते ऐकून बाबा अजून सावरलेले नाहीत. जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा! जन्मभर रद्दी किलोवर विकणाऱ्या घराण्यातला मुलगा अमेरिकेत पैसे मोजून डोक्यावर रद्दी ओतून घेतो. "आमची पाठवली असती," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या छतावर बर्फ जाडजूड, शहाण्यासारखा बसून राहिला. वळचण कोरडी. मावशीने विचारलं, "यंदा तोरण नाही का रे?"

संक्रांतीला एका मराठी मित्राकडे गेलो होतो. नवं घर, दारावर माणसाच्या उंचीचे सुळे. तो हौसेने म्हणाला, "चल, याखाली उभं राहून फोटो काढू." मी त्याला दंडाला धरून आधी बाजूला ओढला, तिळगूळ तोंडात टाकला आणि विचारलं, "तुझ्या माळ्याचं झाकण कुठे आहे?"