मेटालेन्स आली म्हणून काचेचं भिंग बाद होत नाही

‘केसाहून पातळ मेटालेन्स आली! काचेच्या भिंगांचा जमाना संपला. फोनच्या कॅमेऱ्याचा उंचवटा जाणार, चष्मे कागदासारखे होणार.’ हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्यामागचं संशोधन अस्सल आहे, म्हणूनच त्याच्या नावावर काहीही खपवलेलं मला सहन होत नाही.

हार्वर्डमधल्या फेदेरिको कापासो यांच्या गटाने २०१६ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या ६०० नॅनोमीटर उंच खांबांचं सपाट भिंग, म्हणजेच मेटालेन्स, बनवलं. खांबांची दिशा जागोजाग बदलली की प्रकाशलहरीची कला (लहर कोणत्या टप्प्यावर आहे ते) बदलते आणि किरण एका बिंदूत येतात. एवढं खरं.

आता उंचवटा. भिंग कितीही पातळ केलं तरी भिंगापासून सेन्सरपर्यंतचं अंतर उरतंच. ते सेन्सरचा आकार आणि दृश्याची रुंदी यांवर ठरतं. भिंगांची चळत कमी झाली तर थोडी उंची वाचेल, इतकंच.

चष्म्याचा दावा तर सर्वांत कच्चा. अशा साध्या सपाट भिंगाची शक्ती तरंगलांबीच्या प्रमाणात बदलते. हिरव्या प्रकाशासाठी (५५० नॅनोमीटर) उणे ५ नंबर बसवला, तर निळ्याला (४५०) तो उणे ४.१ पडेल आणि तांबड्याला (६५०) उणे ५.९. नेहमीच्या प्लास्टिक काचेत हा फरक ०.१ च्या आसपास असतो. असा चष्मा कोण घालेल? ४७० ते ६७० नॅनोमीटरचे रंग एकाच जागी आणणारी मेटालेन्स २०१८ मध्ये झाली हे खरं, पण ती मिलिमीटरभरही रुंद नव्हती. भिंग मोठं करावं तसा मध्य आणि कडा यांच्यातला प्रकाशाचा विलंब वाढवावा लागतो, आणि इतक्या बुटक्या खांबांना तो पेलत नाही.

आणि ‘काच संपली’? २०२४ मध्ये कापासो यांच्याच गटाने १० सेंटिमीटर व्यासाची मेटालेन्स करून सूर्य-चंद्राची छायाचित्रं घेतली. तिचे १८.७ अब्ज खांब काचेतच कोरलेले आहेत!

ही भिंगं खरोखर रुजली ती अंतर मोजणाऱ्या सेन्सरांत. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सने मेटालेन्झ कंपनीची अशी भिंगं २०२२ मध्ये बाजारात आणली. तिथे लेसरचा एकच अवरक्त रंग असतो, त्यामुळे रंग फाकण्याची अडचणच येत नाही.