अपादानाच्या जिन्यावरची ‘सोन्याची खंडणी’

इराणमधील पर्सेपोलिस येथे दारयवहू पहिला (डरायस) याने सुरू केलेल्या आणि क्षयार्षाने (झर्क्सीझ) पूर्ण केलेल्या अपादान या दरबारी महालाच्या जिन्यावरील शिल्पांचे छायाचित्र जोडून एक मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यातील दावे तीन : शिल्पातली नक्षीदार भांडी सोन्याची आहेत, भारतानेही अशी भांडी पाठवली, आणि हखामनी या त्यांच्या प्राचीन पर्शियन घराण्यातील सम्राटांचा कर अशाच भांड्यांच्या रूपाने वसूल होत असे.

कोरलेले भांडे सोन्याचे की चांदीचे, हे दगड सांगत नाही. शिल्पांत सम्राटासाठी वस्तू घेऊन आलेल्या २३ शिष्टमंडळांपैकी एकाखालीही नाव कोरलेले नाही, त्यामुळे ग्रिफिन या गरुड-सिंहमिश्रित काल्पनिक प्राण्याच्या आकाराच्या कानांचा कुंभ आणणारे लोक आर्मेनियाचे, हेसुद्धा पोशाखावरून केलेले अनुमानच आहे. हखामनी काळातील वस्तूंच्या ‘ऑक्सस खजिन्या’त सिंहमुखी कानाचा सोन्याचा चंबू आहे, तेव्हा भांडी सोन्याची असल्याचा तर्क अशक्य मुळीच नाही. तो सिद्ध मात्र नाही.

भारताबद्दलचा दावा तर शिल्प नीट न पाहताच केलेला दिसतो. सिंधूकाठच्या ‘हिंदुश’ प्रांताचे मानले जाणारे लोक गाढव आणि दुधारी कुऱ्हाडी घेऊन आले आहेत, आणि त्यांच्यातल्या एकाच्या खांद्यावर चक्क कावड आहे. तिच्या टोपल्यांतील लहान पात्रांत बहुधा सोन्याची भुकटी असावी, कारण हिंदी लोक ३६० टॅलंट (वजनाचे प्राचीन माप) सुवर्णभुकटी देत असे प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो. म्हणजे येथे पात्र ही भेट नव्हे, भेटीचे वेष्टन आहे.

करासंबंधी तोच हिरोडोटस सांगतो की आलेला धातू वितळवून मातीच्या रांजणांत ओतला जाई आणि लागेल तसा तोडून घेतला जाई. ज्या भांड्याची कारागिरी मुशीत जायची, ते इतक्या निगुतीने घडवून दूरवरून आणण्यात अर्थ नव्हता. शिवाय जिन्यावर प्रत्येक शिष्टमंडळाच्या म्होरक्याला दरबारी अधिकारी हात धरून पुढे नेतो आहे. जितांना जित म्हणून कसे दाखवावे हे दारयवहूला ठाऊक नव्हते असे नाही : इराणमधल्याच बेहिस्तूनच्या कड्यावर त्याने हात मागे बांधलेले, गळ्यांत दोर असलेले बंडखोर कोरवले आहेत. म्हणून ‘खंडणी’पेक्षा आपला ‘नजराणा’ हा शब्द या दृश्याला अधिक जवळचा आहे. अर्थात, तो पूर्णपणे स्वखुशीचा होता असे माझे म्हणणे नाही. करातून मुक्त असलेले अरबही दरवर्षी १,००० टॅलंट धूप ‘भेट’ म्हणून देत, आणि त्याचे वजन ठरलेले होते.