हँग्ड मॅनला यम करू नका, आणि संत तर मुळीच करू नका

परवा रात्री साडेअकराला एका मैत्रिणीचा फोन आला, आवाज पार खोल गेलेला. मला वाटलं घरात कुणाचं काही झालं. तर बाई म्हणतात, "अरे, हँग्ड मॅन आला". नोकरी बदलू का नको यासाठी टॅरोच्या, म्हणजे हल्ली भविष्य बघायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांमधून सहज एक कार्ड काढलं, तर हे हँग्ड मॅन, म्हणजे टांगलेल्या माणसाचं कार्ड आलं, मग तिने अर्थ शोधला आणि सध्या सगळीकडे फिरतंय ते फॉरवर्ड तिच्या हाती लागलं. मलाही ते आत्तापर्यंत चारपाच जणांनी पाठवलंय. थोडक्यात त्यात असं लिहिलंय : हे टॅरोमधलं फाशीचं कार्ड, पाच हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या पुजाऱ्यांनी बनवलं, चित्रातला माणूस म्हणजे झाडाला लटकून ज्ञान मिळवणारा ओडिन देव, बारा नंबर अशुभ, सरळ आलं तर मृत्यू नाहीतर मोठं नुकसान, उलटं आलं तर सुटका, आणि उपाय म्हणून ते कार्ड डेकमधून (पत्त्यांच्या जोडातून) काढून कापडात गुंडाळून ठेवा. एवढ्याशा मजकुरात इतक्या चुका बसवणं ही पण एक कलाच म्हणायची.

पहिलं फाशीचंच घेऊ. अहो, चित्र तर बघा! दोर गळ्याला नाहीये, पायाला आहे. आज बहुतेकांच्या हातात असतो तो डेक १९०९ मध्ये लंडनला छापला गेला, कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकार बाईंची. त्यातला माणूस एका पायावर उलटा लटकलाय, दुसरा पाय गुडघ्यात दुमडून मागे घेतलाय, हात पाठीमागे, डोक्याभोवती पिवळंधमक तेजोवलय आणि चेहरा असा की दुपारी जेवून पडलेल्या माणसाचा पण इतका निवांत नसतो. ज्या लाकडाला बांधलंय त्याला हिरवी पानं फुटलीयेत, म्हणजे ते लाकूडही जिवंतच. हे काही मी ओढूनताणून लावत नाहीये, वेटने स्वतः १९१० च्या पुस्तकात पानांकडे आणि चेहऱ्याकडे मुद्दाम बोट दाखवलंय आणि वर सांगितलंय की हे थांबलेलं जीवन आहे, पण जीवन आहे, मृत्यू नाही. आणि मृत्यूचंच कार्ड हवं असेल तर ते पुढचं, तेरा नंबरचं, त्याच्यावर सांगाडा आहे, घोडा आहे, सगळं साग्रसंगीत आहे. लागोपाठ दोन कार्डांवर एकच गोष्ट कोण कशाला सांगेल?

इजिप्तचं काय ते पटकन उरकतो, कारण हे इतक्यांदा खोडून झालंय की कंटाळा येतो. टॅरोची सगळ्यात जुनी लेखी नोंद १४४० ची, फ्लोरेन्सची, जुस्तो जुस्ती नावाच्या नोटरीने रोजनिशीत लिहून ठेवलंय की भेट द्यायला एक पत्त्यांचा जोड घेतला. हो, पत्त्यांचा जोड! टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ, हुकुमाने हात मारायचा, आणि फ्रान्स-ऑस्ट्रियात तो आजही खेळतात. इजिप्तची गोष्ट आली १७८१ मध्ये, कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताच्या ग्रंथातून, त्याने जाहीरच करून टाकलं की हे इजिप्शियन पुजाऱ्यांचं गुप्त पुस्तक आहे. गंमत अशी की तेव्हा जगात एकालाही इजिप्तची चित्रलिपी वाचता येत नव्हती, शांपोल्यॉ या फ्रेंच अभ्यासकाने ती उलगडल्याचं जाहीर केलं १८२२ मध्ये, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी. लिपी वाचता येईना, पण पुस्तक कुणाचं हे मात्र नक्की माहिती.

आणि या जेबलँनेच हँग्ड मॅनची जी वाट लावली ती ऐकाच. त्याचं डोकं असं चाललं की न्याय, धैर्य, संयम हे तीन सद्गुण पत्त्यांमध्ये आहेत, मग चार मुख्य सद्गुणांतला चौथा, विवेक, कुठेय? असायलाच हवा! मग हा लटकलेला माणूस म्हणजेच विवेक, तो एक पाय उचलून पुढचं पाऊल कुठे टाकावं याचा विचार करत उभा आहे, आणि कुठल्यातरी अडाणी छापणाऱ्याने कार्ड उलटं छापलं. म्हणजे चूक साहेबांची नाही, चित्राची! थोड्याच वर्षांत एतेया नावाच्या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थाने आपल्या डेकमध्ये लटकणारा माणूस काढूनच टाकला आणि तिथे विवेकाचं कार्ड घातलं.

ओडिनचं म्हणणं निदान ऐकायला तरी छान आहे. नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या काव्यात ओडिन वाऱ्यावर हलणाऱ्या झाडाला नऊ रात्री लटकतो आणि त्यातून त्याला गूढ अक्षरं सापडतात, हे खरंच आहे. पण त्यात तो उलटा लटकला असं कुठेही स्पष्ट म्हटलेलं नाही, त्याला भाल्याची जखम आहे, ती कार्डावर नाही. आणि मुख्य म्हणजे हे काव्य ज्या हस्तलिखितात आहे ते आइसलँडमध्ये एका बिशपच्या हाती आलं १६४३ मध्ये, तोपर्यंत इटलीत हे कार्ड दोनशे वर्षं खेळून खेळून मळलं होतं. मिलानच्या चित्रकाराला आइसलँडची कविता कोण ऐकवायला गेलं होतं? दोन चित्रं सारखी दिसली की लगेच नातं जोडायचं ही सवयच वाईट.

मग तो आहे तरी कोण? तर गद्दार आहे. सरळसरळ गद्दार. जुन्या इटालियन याद्यांमध्ये या पत्त्याला कुठे 'टांगलेला' म्हटलंय आणि कुठे चक्क 'द्रोही'. मला स्वतःला या कार्डाचा सगळ्यात भारी भाग हाच वाटतो आणि फॉरवर्डमध्ये नेमका त्याचाच पत्ता नाही. त्या काळी उत्तर इटलीच्या शहरांत एक प्रकार होता, बदनामीची चित्रं. कुणी फितुरी केली, पैसे बुडवले, दगा देऊन पळाला, आणि माणूस हाती लागत नसेल तर त्याचं चित्र शहरातल्या सरकारी इमारतीच्या भिंतीवर रंगवायचं, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं, आणि तेही बऱ्याचदा पायाने उलटं टांगलेलं. माणूस नाही तर त्याच्या चित्राची धिंड. अब्रूचे धिंडवडे काढायची ही सरकारी पद्धत होती आणि त्यासाठी चांगले नावाजलेले चित्रकार लावायचे. आंद्रेआ देल कास्तान्योने १४४० मध्ये फ्लोरेन्सच्या बंडखोरांना असं उलटं टांगून रंगवलं (तेच शहर आणि तेच वर्ष, जेव्हा आपले नोटरीसाहेब पत्ते विकत घेत होते), आणि त्या बिचाऱ्याला जन्मभरासाठी 'टांगलेल्यांचा आंद्रेआ' हे नाव चिकटलं. पुढे १५२९-३० मध्ये फ्लोरेन्सला वेढा पडला तेव्हा आंद्रेआ देल सार्तो या दुसऱ्या चित्रकाराला असंच काम मिळालं, त्याने म्हणे आपल्यालाही तेच नाव पडेल या धास्तीने शिष्याचं नाव पुढे केलं आणि स्वतः रात्री लपून चित्रं काढली. त्यासाठी त्याने केलेली रेखाटनं आजही आहेत, एका पायाने लटकलेला माणूस, बघितलं तर कुणीही म्हणेल अरे हे तर बारा नंबरचं कार्ड.

म्हणजे पंधराव्या शतकात खेळताना ज्याच्या हातात हा पत्ता यायचा त्याला ना ध्यान आठवायचं ना समर्पण, त्याला भिंतीवरचा हरामखोर आठवायचा. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्याच शतकातला एक डेक आहे, त्यातल्या टांगलेल्या माणसाच्या दोन्ही हातांत पैशांच्या थैल्या आहेत, आता चांदीच्या नाण्यांसाठी येशूला पकडून देणारा ज्यूडास त्या लोकांना आठवला नसेल तरच नवल.

यात अजून एक मजा आहे. सगळ्यात प्रसिद्ध जुना डेक म्हणजे मिलानच्या विस्कोंती-स्फोर्झा घराण्याचा, १४५० च्या आसपासचा, सोन्याचा वर्ख लावलेला, आणि त्यातही हा माणूस आहेच. तो डेक ज्याच्यासाठी बनला असं मानतात त्या फ्रान्चेस्को स्फोर्झाच्या बापाचंच असं चित्र १४१२ मध्ये रोममध्ये रंगवलं गेलं होतं, कारण हा सरदार पोपची बाजू सोडून नेपल्सच्या राजाला जाऊन मिळाला. चित्रासोबत ओळी होत्या की मी कोतिन्योलाचा गावंढळ स्फोर्झा, मी चर्चशी बारा वेळा दगाबाजी केली. बारा! आता इथे लगेच 'म्हणून कार्ड बारा नंबरचं' असं म्हणायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण विस्कोंती-स्फोर्झा डेकच्या पत्त्यांवर नंबरच नाहीत, तेव्हा हा योगायोग समजून गप्प बसलेलं बरं. नाहीतर माझ्यात आणि फॉरवर्डवाल्यात फरक काय राहिला.

बारा अशुभ वगैरेचं उत्तर त्यातच आलं. पंधराव्या शतकात गावोगाव हुकुमांचे क्रम वेगवेगळे होते. खेळात बाराच्या आकड्याचा अर्थ एवढाच की हा पत्ता अकराला मारतो आणि तेराकडून मार खातो.

आता एक दुसरी जमात आहे, गोड बोलणारी. ते म्हणतात छे छे, घाबरू नका, हे कार्ड तर प्राचीन काळापासून स्वेच्छेने केलेल्या त्यागाचं, थांबून जगाकडे नव्या नजरेने बघण्याचं. मैत्रिणीला धीर द्यायला मीही तेच सांगितलं असतं, आणि हा अर्थ मला मनापासून आवडतो, रीडिंगमध्ये मी तोच वापरतो. पण प्राचीन? नाही हो. एकोणिसाव्या शतकातल्या गूढवाद्यांनी त्या गद्दाराला हळूहळू साधू बनवायला घेतलं आणि वेट-स्मिथ जोडीने डोक्यामागे वलय काढून काम पूर्ण केलं. त्यात वेट तर असाही की हुतात्म्याचं कार्ड, विवेकाचं कार्ड, कर्तव्याचं कार्ड ही आधीची सगळी नावं त्याने चूक म्हणून झटकून टाकली. म्हणजे पाचशे वर्षांत एकाच टांगलेल्या माणसाचा फितूर झाला, मग विवेक झाला, मग ज्ञानी झाला, आणि ज्या अर्थाला आपण सनातन म्हणतोय त्याचं वय जेमतेम दीडशे भरेल. नवा अर्थ खोटा असतो असं नाही, पण त्याला खोटी पांढरी दाढी कशाला लावायची?

राहिलं उलट्या कार्डाचं. उलटं आलं तर सुटका, हे बहुतेक चित्र फिरवलं की माणूस सरळ दिसतो म्हणून कुणीतरी ठोकून दिलंय. अहो तो सरळ दिसला तरी पाय बांधलेलाच आहे. वेटच्या यादीत सरळ कार्डाला शहाणपण, सावधपणा, पारख, कसोटी, त्याग, अंतःप्रेरणा असं काय काय दिलंय, मृत्यूचं नावही नाही, आणि उलट्याला आहे स्वार्थ आणि गर्दी. गर्दी! म्हणजे सगळे करतायत म्हणून आपणही तेच करणं. फॉरवर्ड पुढे ढकलणारे त्यात बसतात की नाही ते ज्याचं त्याने बघावं.

आणि तो उपाय. मैत्रिणीने खरंच कार्ड काढून जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटात टाकलं होतं. मी म्हटलं, म्हणजे तू अठ्ठ्याहत्तरचा डेक सत्याहत्तरचा केलास, आता त्या डेकने धड खेळताही येणार नाही आणि तुझी थांबण्याची वेळ आली तर ते सांगणारं कार्डच त्यात नाही. थोडा वेळ गप्प होती. मग विचारलं, नोकरीचं काय ठरवतेयस, तर म्हणाली नव्या कंपनीची ऑफर अजून लेखी आलीच नाहीये, नुसतं फोनवर बोलणं झालंय, आणि ही इकडे राजीनामा टाइप करून बसलेली. म्हटलं मग लेखी येईपर्यंत थांब की. "हो, पण ते कार्ड...?" म्हटलं तेच तर.