डॅशबोर्ड हिरवा कसा ठेवावा

वाळूजला किंवा शेंद्र्याला तुमचा कारखाना असेल आणि कामगारांच्या वैद्यकीय तपासणीचे कागद अजून लोखंडी कपाटात असतील, तर ते कपाट आधी भंगारात काढा. आता सॉफ्टवेअर घ्यायचं. विकायला आलेला पोरगा लॅपटॉपवर डॅशबोर्ड उघडून तुमच्या माणसांची तब्येत लाल, पिवळ्या, हिरव्या रंगात दाखवील. त्याला एकच विचारा: लालचं हिरवं करायला किती क्लिक लागतात?

तपासणी एका दिवसात उरका. पहिल्या माणसाचं बीपी 120/80 टाकलं, की तेच खालपर्यंत ओढत न्यायचं. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीपुढं उभा राहणारा आणि एसीत बसून बिलं करणारा, दोघांचं बीपी एकच आलं तर आनंद माना; एवढी समता दुसरीकडं कुठं सापडायची? स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसं तपासण्यात, किमान तीन नीट फुंकरा लागतात म्हणे. एक पुरे. माणूस पाळीला आला म्हणजे श्वास घेतोच आहे.

खरी डोकेदुखी कानाची. पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाच्या ऑडिओग्रामची, म्हणजे ऐकण्याच्या आलेखाची, रेघ 4000 हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात उतरते आणि 8000 पाशी जरा वर येते. हा खड्डा दिसला, की डॉक्टर आवाजाचं नाव घेतात. 1948 च्या कारखाना कायद्यात सरकारला कळवायच्या आजारांची यादी होती, तिच्यात आवाजानं येणारा बहिरेपणा होता. कामगारांच्या सुरक्षेची आणि आरोग्याची 2020 ची नवी संहिता आली, तरी यादी काही गेली नाही. म्हणून ही तपासणी साउंडप्रूफ खोलीत, रात्रभर कानाला विसावा देऊन करण्याच्या भानगडीत पडू नका. कॅन्टीनमध्ये, प्रेस शॉपच्या भिंतीला लागून हेडफोन लावा. कुणालाच काही ऐकू येणार नाही. मग रिपोर्टवर ‘पुन्हा तपासा’ असा शेरा मारा आणि पुन्हा तपासू नका. या शेऱ्याला सॉफ्टवेअर पिवळा रंग देतं, आणि पिवळ्यावर ऑडिटवाला सहसा थांबत नाही.

ठेकेदाराच्या माणसांचं त्याहून सोपं. तपासणी 12 महिन्यांनी करायची, ठेकेदार 11 व्या महिन्यात ब्रेक देतो, म्हणजे कागदावर नोकरी तोडतो. चार दिवसांनी तोच माणूस, तेच बूट, तीच प्रेस. नंबर मात्र नवा. सॉफ्टवेअरला वाटतं, हा आजच जन्मला. गेल्या वर्षीचा त्याचा कान जुन्या नंबरबरोबर बंद झालेला असतो आणि आज जेवढं ऐकू येतं तेवढीच त्याची नवी बेसलाइन, म्हणजे पुढच्या तुलनेचा पाया, ठरते. तुलनाच नाही, म्हणजे बिघाडही नाही. कागदाच्या काळात कुणीतरी कारकून म्हणायचा, ‘अरे, हा तर आपला जुनाच गडी.’ ती अडचण आता गेली.

कामगारालाही स्वतःचा रिपोर्ट बघता यावा, अशी सोय या सॉफ्टवेअरमध्ये असते. ती बंद करू नका, वाईट दिसतं. फक्त सगळं इंग्रजीत ठेवा आणि ओटीपी ठेकेदाराच्या मोबाईलवर जाऊ द्या. एखादा गेटवर गाठून विचारीलच, ‘साहेब, माझ्या कानाचं काय निघालं?’ त्याला ‘फिट’ एवढंच सांगा. जरा ओरडून सांगा, म्हणजे ऐकू जाईल.